न पाहिलेला सहावा भाग

मंजरीला मी मारलं. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं. मंगळवारचं टपाल चुकू नये, एवढंच कारण होतं.

ही गोष्ट अठ्ठावीस सालची. रेवदंड्याच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावात मी मराठी शाळेचा मास्तर होतो. एकटाच असल्यामुळे हेडमास्तरही मीच आणि घंटा वाजवणाराही मीच. सरकार मला पगार देत होतं तो शिकवण्याचा, पण गावात मला मान होता तो वाचण्याचा. निम्मं गाव मुंबईला गिरण्यांत नाहीतर बोटींवर, आणि उरलेल्या निम्म्याला त्यांची पत्रं मी वाचून दाखवायची. टपालवाला गुणाजी तर पत्रं ज्याच्या त्याच्या घरी न देता सरळ माझ्या ओटीवर आणून टाकी. 'मास्तरांनी वाचलं ते खरं' ही आमच्या गावची म्हणच होऊन बसली होती. एकदा ती गेली की माझ्याजवळ उरणार होती फक्त छडी.

दिवाळीनंतर पावसापर्यंत दयाराम शेठचा सिनेमाचा तंबू अधूनमधून बंदरावरच्या मैदानात लागायचा. सिनेमा मुका. पडद्यावर मधूनमधून अक्षरं यायची, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. ती वाचणार कोण? पडद्याच्या डाव्या अंगाला पालथ्या खोक्यावर उभा राहून, हातात वेताची काठी घेऊन, मी मोठ्यानं वाचत असे. त्या बदल्यात मला आणि कुटुंबाला फुकट प्रवेश होता. शिवाय अलिबागेच्या 'अष्टागर-मित्र' साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणंही मीच लिहीत असे. म्हणजे गावात सिनेमा चालायचा तो एका अर्थी माझ्या तोंडानं आणि माझ्या लेखणीनं.

'समशेर मंजरी' या सिनेमाचे भाग दोन वर्षं निघत होते, एकामागून एक, घरातल्या पापडांसारखे. पहिला भाग मी मन लावून पाहिला, मग त्यावर मन लावून लिहिलं. ते गुरुवारच्या अंकात छापून आलं तेव्हा तंबू उठून नागावला गेला होता. संपादक मार्तंडरावांचं कार्ड आलं: "तंबू उठल्यावर परीक्षण म्हणजे वऱ्हाड परतल्यावर अक्षता. मंगळवारच्या टपालात मजकूर न मिळाल्यास जागा औषधाच्या जाहिरातीस देण्यात येईल." खेळ शुक्रवारी, मजकूर मंगळवारी. आता मंगळवारी लिहायचं तर शुक्रवारचा खेळ पाहायचा कधी?

तेव्हा दुसऱ्या भागापासून मी आधी लिहून मग पाहू लागलो. कोणी नाक मुरडू नये. यात काहीही अडत नव्हतं. "घोडदौड नेत्रदीपक आहे. वजिराचे काम ठसकेबाज. राजपुत्राने किंचित कमी हसावे. तिसऱ्या रिळात कथानक रेंगाळते." हे चार मोहरे पुढेमागे सरकवले की परीक्षण तयार. आणि शुक्रवारी तंबूत जावं तर खरोखरच घोडे नेत्रदीपक दौडायचे, राजपुत्र दात काढायचा आणि तिसरं रीळ रेंगाळायचं. लोक माना डोलावून म्हणत, मास्तरांनी लिहिलं होतं अगदी तस्संच. एकदा एक गोष्ट पाहिली की पुढच्या सगळ्या पाहिल्यातच जमा, असं माझं ठाम मत झालं होतं.

पाचव्या भागाच्या शेवटी वजिराच्या स्वारांनी मंजरीला कड्यावर घेरलं आणि तिनं घोड्यासकट समुद्रात उडी घातली. पुढे सहाव्या भागात पाहा. आता मी जन्मभर समुद्रकाठी राहिलेला माणूस. एवढ्या उंचीवरून, घोड्यासकट, आणि खाली खडक. मी हिशेब केला, बाई वाचत नाही. त्यात सोमवारी रात्रीपासून माझी दाढ ठणकत होती. मी लिहिलं: "सहाव्या भागात मंजरीचा करुण अंत होतो. जाळ्यातून तिचे कलेवर वर येते तो प्रसंग हृदयद्रावक असून, प्रस्तुत परीक्षकासारख्या कठोर माणसाच्याही डोळ्यांस पाणी आले." पाणी आलं होतं हे खरं आहे. दाढेमुळे आलं होतं.

गुरुवारी दुपारी अंक आला, तो मी नेहमीप्रमाणे ओटीवर जमलेल्यांना वाचून दाखवला. ते बंदराकडे पांगल्यावर तो वाचला माझ्याच पत्नीनं. अनुसूयेला लिहायवाचायला मी शिकवलं होतं, लग्नानंतर रोज संध्याकाळी, पाटीवर. तिची प्रगती चांगली होती, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

"अहो," ती म्हणाली, "हा खेळ उद्या आहे ना?"

"हो."

"मग तुमच्या डोळ्यांना पाणी कधी आलं?"

मी तिला वृत्तपत्राच्या धंद्यातल्या अडचणी समजावून सांगितल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती नाही मेली तर?"

हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता असं नाही. मी त्याला ओटीवर बसवून ठेवलं होतं, तो आता घरात आला.

तेवढ्यात बायजा आली. ही कोळीवाड्यातली विधवा बाई. तिचा एकुलता एक मुलगा रघू माझ्याकडे तिसरीपर्यंत शिकला आणि बोटीवर खलाशी म्हणून गेला. मोडक्यातोडक्या अक्षरांत, पण पत्र स्वतः लिहायचा. गुणाजीनं त्याचं नवं पत्र सकाळीच टाकलं होतं. मी ते उघडलं, चारी पानांवरून नजर फिरवली आणि म्हणालो, "खुशाल आहे. प्रकृती चांगली आहे. सर्वांना नमस्कार सांगितलाय."

"एवढंच?"

"एवढंच. बोटीवर काय वेगळं घडणार, बायजा? नेहमीचंच आहे."

तिनं पत्र घडी करून पदराच्या गाठीत बांधलं, पण उठली नाही. "मास्तर, मंजरी खरंच मेली? बंदरावर समदी बोलतान."

"छापलंय ना तसं."

"तसं न्हाय. तुमी वाचताव ते खरंच आसतंय. म्हनूनच इचारते." ती थोडी थांबली. "माजा रघू जायच्या आदी पैला भाग बगून गेला. पुडचं समदं मी त्याला कळवते. आता सांगा, दर्यावरच्या पोराला बाई बुडून मेली म्हनून कसं धाडू? उद्या सोताच्या डोल्यांनी बगीन, मंग पत्र लिवा."

 ती गेल्यावर अनुसूया नुसती तांदूळ निवडत राहिली. मी इतक्या एकाग्रतेनं तांदूळ निवडताना तिला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावावर सुतक पसरलं. कोळणींनी बाजारात मोठ्यानं बोलणं बंद केलं. एका म्हातारीनं दोन सुपाऱ्या देवापुढे ठेवल्या म्हणे, मंजरीच्या नावानं. दयाराम शेठ धापा टाकत ओटीवर आला.

"मास्तरसाहेब, आ शुं केलं तुम्ही? बाई मरते तर माणूस येणार कशाला? ती मरते ते तुम्हाला कोणी सांगितलं? फिलमची पेटी तर अजून मुंबईहून आलीच नाय."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही?"

"मी काय फिलम आधी बघून लावतो? पेटी येते, मी हँडल फिरवतो."

"मग उद्या पेटी आली की दुपारीच मला एकट्याला दाखवा."

"दिवसा तंबूत काय दिसणार, कपाळ? आणि दिव्यात कोळशाच्या कांड्या किती जळतात, माहीत छे?"

शेठ गेला आणि शेजारचे बाळाजीपंत कुंपणावरून आले. पंतांच्या नारळीपोफळीच्या दोन वाड्या होत्या आणि सल्ला हे त्यांचं तिसरं उत्पन्न होतं. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. माणूस संकटात असला की नको त्याच्याजवळ मन मोकळं करतो.

"छापलेलं मागं घेता येत नाही," पंत सुपारी कातरत म्हणाले. "खेळ थांबवता येतो का बघा. नाहीतर मग सिनेमाच बदलायला हवा. वाचणारे तुम्हीच ना?"

दुसरा सल्ला मी ऐकला नाही असं दाखवलं. पहिल्या सल्ल्यापायी शुक्रवारी शाळेला दुपारची सुट्टी देऊन रेवदंड्याच्या पोलीस ठाण्यावर गेलो. तंबूतल्या दिव्यानं आग लागण्याचा संभव आहे, सबब खेळ बंद करावा, असं तोंडी निवेदन केलं. हवालदार बुधाजीराव जेवून आडवे झाले होते.

"अर्ज करा. तीन प्रती. मामलेदार कचेरीतून शेरा आणा, मग जागेची पाहणी, मग पंचनामा."

"किती दिवस लागतील?"

"आग लागली तर लवकर होतं. न लागता म्हणजे महिना." त्यांनी कूस बदलली. "आणि मास्तर, आज पुढच्या रांगेत माझ्यासाठी आणि मंडळीसाठी जागा धरून ठेवा. ती मंजरी मरते ते बघायचंय."

परत येताना मी बंदराच्या वाटेनं आलो. एकच आशा होती, वारा फिरेल आणि पेटीचा मचवा अडकेल. जन्मभर कोळ्यांना वारं अनुकूल असावं म्हणून देवाला नारळ वाहिलेला मी, त्या दिवशी वादळ मागत उभा होतो. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता. मचवा वेळेआधी आला.

दिवेलागणीला तंबू इतका भरला की कनाती फुगल्या. सुतकासाठी लोक न येण्याऐवजी सुतकालाच आले होते. दोरीच्या उजव्या बाजूला बायका, डाव्या बाजूला पुरुष. बायकांत पहिल्याच रांगेत बायजा बसली होती आणि तिच्या शेजारी अनुसूया. मी खोक्यावर चढलो. समोर सहाशे डोळे आणि त्यांतले दोनच अक्षरओळखीचे, तेही मीच तयार केलेले. शिकलेली पोरं मुंबईला नाहीतर बोटींवर, शाळेतल्यांना रात्रीच्या खेळाला मज्जाव, आणि हवालदारांना येत होती ती फक्त मोडी. पंतांनाही वाचता येत होतं म्हणा, पण त्यांचा चष्मा सुपारीच्या डब्यात घरी राहिला होता. खोटं बोलायला इतकी सोय देव सहसा करून देत नाही.

शेठनं हँडल फिरवलं. मंजरी घोड्यासकट समुद्रात पडली. तंबूत कोणी श्वास घेईना. पडद्यावर अक्षरं आली: 'ईश्वरकृपेने मंजरी कोळ्यांच्या जाळ्यात सापडली. तिचा श्वास अजून चालू होता.'

मी काठी त्या ओळीवर ठेवली. मग माझ्या तोंडून आलं, "मंजरी गेली."

बायकांच्या बाजूनं हुंदका फुटला. मी तिकडे पाहिलं नाही. पडद्यावर कोळ्यांनी जाळं ओढलं. "कलेवर," मी म्हणालो. माझ्या परीक्षणातलं वाक्य अक्षरशः खरं ठरत होतं, आणि दोन पळं मला वाटलं की निभावलं.

मग कलेवर उठून बसलं.

तंबूत कुजबूज झाली. "मास्तर, ती उटली," कोणीतरी म्हणालं.

"ते तिचं भूत आहे," मी म्हणालो.

आमच्या भागात भुताविषयी शंका घेण्याची पद्धत नाही. पुढच्या रांगेतले चारजण मागं सरकले, हवालदारांनी दोरीपलीकडून मंडळीचा हात धरला. हे जमलं म्हणून मला जोर चढला. भूत घोड्यावर बसलं, मी म्हणालो, घोडाही भूतच. वजीर भुताला घाबरून पळाला, तेव्हा तर टाळ्या पडल्या. शेठ हँडल फिरवता फिरवता माझ्याकडे कौतुकानं पाहू लागला. दुसऱ्या रिळापर्यंत मी एका साध्या मारामारीच्या सिनेमाची उत्तम भुताची गोष्ट केली होती, आणि खरं सांगतो, माझी गोष्ट मूळच्या गोष्टीपेक्षा बरी होती.

पण भुतानं कोळ्याच्या झोपडीत बसून भाकरी खाल्ली.

"भूत भाकर खातंय?" गुणाजीनं विचारलं.

"उपाशी गेलेलं आहे."

"आन् पाय सरळ हायत त्याचं." गुणाजी रात्री अपरात्री टपाल घेऊन खाडीवरून येणारा, भुतांचा त्याचा अभ्यास होता. "भुताचं पाय उलटं आसतान."

मी काही बोलायच्या आत पडदा अक्षरांनी भरून गेला. मोठा मजकूर होता, मराठीच्याच सात ओळी. मंजरी राजपुत्राला पत्र लिहीत होती: मी जिवंत आहे, या झोपडीतल्या माउलीनं मला लेकीसारखं जपलं, वगैरे. मी त्या सात ओळींकडे पाहिलं.  मी म्हणालो, "मी मेले आहे."

 नुसता यंत्राचा कटकट आवाज येत राहिला. आणि बायजा उभी राहिली. तिला एक अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मासे मोजण्यात जन्म गेला होता.

"मास्तर," ती म्हणाली, "तितं अक्षरं किती, आन् तुमी बोललाव किती?"

 शेठचा हात थांबला, दिवा मंदावला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी हवालदारासारखं. मी काठी घट्ट धरून उभा होतो, आणि इतकं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रोज याच काठीनं मी दुसऱ्याची पाटी बघून लिहिणाऱ्या पोरांना मारत होतो.

तेव्हा अनुसूया उठली. चारचौघांत तिचा आवाज गावानं कधी ऐकलेला नव्हता. "यांच्या डोळ्यांत दिव्याचा धूर गेलाय," ती म्हणाली. "शेठ, ती पाटी पुन्हा लावा. पुढचं मी वाचते."

धूर कोणालाच दिसला नव्हता. तरी कोणी काही म्हटलं नाही. ती दोरीखालून वाकून आली आणि पडद्याजवळ उभी राहिली. मी खोक्यावरून उतरलो आणि तिला खोका दिला. तिनं अक्षर अन् अक्षर वाचलं, अडखळत, जोडाक्षरांवर थांबत, 'मध्यंतर' हासुद्धा शब्द वाचला. मंजरी जिवंत आहे हे कळल्यावर तंबूत जो आरडाओरडा झाला त्यात एक कनात खाली आली. मला सगळ्यांनी माफ केलं असावं, कारण जिवंत माणूस परत मिळाल्यावर मारेकऱ्याकडे कोणी पाहत नाही. पंत तर म्हणाले, "दुसरा सल्ला मी तसा सहजच दिला होता."

बाहेर पडताना मात्र बायजानं मला अडवलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तर," तिनं हळू विचारलं, "माज्या रघूची पत्रं पन आशीच वाचलाव काय?"

मी म्हणालो, "नाही, बायजा. एकही खोटा शब्द वाचलेला नाही." हे खरं होतं. पण रात्रभर मला त्या चार पानांची आठवण येत राहिली.

शनिवारी सकाळी ती रघूची सगळी पत्रं एका फडक्यात बांधून घेऊन आली. अकरा होती. माझ्याकडे न पाहता तिनं ती अनुसूयेपुढे ठेवली. मी ओटीच्या कडेला बसलो. शाळेची वेळ झाली होती, पण मी घंटा वाजवायला उठलो नाही.

अनुसूयेनं पहिलं पत्र वाचलं. 'खुशाल आहे' हे त्यात होतं, माझं वाचणं खोटं नव्हतं. पण मग पुढे एडनच्या बंदरातली गरमी होती. बोटीवर एक मांजर आहे, तिला खारी सुकट लागते, तिचं नाव मी काशी ठेवलंय, हे होतं. आये, दुखरा गुडघा कसा आहे, हे होतं. दुसऱ्या पत्रात मांजरीला पिल्लं झाली. तिसऱ्यात एक पिल्लू मेलं, आणि रघू त्यासाठी अर्धं पान रडला होता. प्रत्येक पत्रावर मी म्हटलं होतं, नेहमीचंच आहे.

बायजा ऐकत होती. मांजरीचं ऐकताना हसत होती आणि त्याच वेळी पदरानं डोळे पुसत होती. "ह्ये मना कुनी सांगितलंच न्हवतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझ्या अंगावर नव्हे, नुसतंच.

चौथ्या पत्राच्या शेवटी अनुसूया थबकली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग वाचलं: "मास्तरांना साष्टांग नमस्कार. त्यांनी शिकवलं म्हणून मी आयेशी बोलू शकतो. ओळ अजून सरळ येत नाही, रागावू नये. मास्तर, पत्र सावकाश वाचा. माझ्या आयेला ऐकायला वेळ लागतो."

हे पत्र दीड वर्षापूर्वीचं होतं. मी ते हातात धरलं होतं, आणि या ओळीपर्यंत पोचलो नव्हतो.

मी मान वर करू शकलो नाही. परीक्षणाबद्दल, तंबूबद्दल, हवालदाराबद्दल मला जेवढी लाज वाटली होती ती सगळी मिळून या एवढ्या तीन ओळींइतकी नव्हती.  मग माझ्या मांडीवर काहीतरी येऊन पडलं. पाचवं पत्र होतं. बायजानं ते टाकलं होतं.

"ह्ये तुमी वाचा," ती म्हणाली. "समदं."

अनुसूया माझ्या खांद्यामागं येऊन उभी राहिली, तिची नजर कागदावर होती. मी चष्मा पुसला, दोनदा पुसला, आणि सगळ्यात वरच्या 'श्री'पासून सुरुवात केली.